चार इंच मागे

मी संशयी बाई आहे. हे मला कुणी सांगायला नको, आणि आमच्या तळ्यावर कुणी सांगणारही नाही. मिनेसोटात माणसाच्या तोंडावर काही म्हणायची पद्धतच नाही. एखादीचा केक दगड झाला तर आम्ही एक तुकडा खाऊन म्हणतो, "वेगळाच झालाय हं." दाराशी कुणाची गाडी उभी दिसली तर "पाहुणे वाटतं?" असंसुद्धा विचारत नाही. हवा कशी आहे ते विचारतो, आणि घरी येऊन तर्क करत बसतो. तर्क करण्यात मी एक नंबर आहे.

वर्लिन हाउगेनच्या दाराशी राखाडी गाडी पहिल्यांदा दिसली ती मे महिन्यात.

वर्लिन आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना एकतीस वर्षं काम केलं. बोटींवर घालायची ताडपत्रीची झाकणं बनवायचा कारखाना होता. मी साचे काढून कापायची, तो गरम इस्तरीनं सांधे चिकटवायचा. त्याच्या सांध्यातून पाणी गेलं अशी तक्रार एकतीस वर्षांत आली नाही. कारखाना बंद पडला आणि आम्ही दोघं घरी बसलो. तो तळ्याच्या पलीकडे, मी अलीकडे. त्यानं लग्न केलं नाही, माझा नवरा देवाघरी गेला. आता लोक जे म्हणतात ते म्हणोत, आमच्यात तसलं काही नव्हतं. टेबल होतं, एवढंच.

मग मी खेळ काढला.

पिशव्या टाकायचा खेळ आमच्याकडे घरोघरी असतो. तिरकी लाकडी फळी, तिच्या वरच्या टोकाला भोक, आणि समोरून मक्याच्या दाण्यांच्या पिशव्या त्या भोकात टाकायच्या. पण जुलैत अंगणात असतं कोण? सगळं गाव तळ्याच्या मध्यावरच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर बोटी लावून कमरेइतक्या पाण्यात उभं असतं. हवा भरायच्या तरंगत्या फळ्या दुकानात मिळतात, नाही असं नाही. पण वारा आला की त्या आपल्या निघाल्या फिरायला. आणि पिशवी काढायला कुणी वरच्या टोकावर हात टेकला की खालचं टोक वर येतं आणि फळी पालथी. खेळ कमी, फळीमागे धावणं जास्त.

दोन हिवाळे मी त्यावर डोकं खपवलं. शेवटी उत्तर सापडलं ते अगदी साधं. फळीच्या खाली, पुढच्या म्हणजे खालच्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना, मी जाळीच्या तोंडाचे खिसे लावले. फळी पाण्यात सोडली की खिसे पाण्यानं भरतात. मग टोक वर उचलायचं म्हणजे बादलीभर पाणी उचलायचं. फळी बसते ती बसतेच, आणि वाऱ्यालाही दाद देत नाही. पिशव्यांत मक्याऐवजी बुचाचे तुकडे भरले, म्हणजे त्या बुडत नाहीत. ताडपत्रीच्या जुन्या निळ्या-नारिंगी तुकड्यांची पहिली जोडी गेल्या उन्हाळ्यात केली, वर्लिननं सांधे चिकटवले, आणि माझ्या धक्क्यापाशी आम्ही दोघं तासभर त्यावर लटकलो. हललीसुद्धा नाही. वर्लिन म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बोटी झाकल्या. त्यातल्या एकाही झाकणावर माझं नाव नव्हतं. हा खेळ माझा होता, आणि तो माझ्याच नावानं दुकानात लागलेला मला बघायचा होता. तशी संधीही चालून आली. तळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष गॉर्डी लिंडक्विस्ट, त्याची भाची कॅरिन शहरात तळ्यावरच्या सामानाच्या दुकानांसाठी माल निवडते. जुलैतल्या मेळाव्याला ती येणार होती. गॉर्डी म्हणाला, "तिला दाखव की. नाही आवडलं तर म्हणेल, वेगळंच आहे."

आणि नेमकी त्याच आठवड्यात ती राखाडी गाडी.

गाडी आमच्या तालुक्यातली नव्हती. गाडीतून उतरली एक बाई, नीटनेटकी, हातात फाइल. वर्लिनच्या शेडमध्ये ती दोन तास होती. दोन तास! त्याच्या सख्ख्या बहिणीला तो अर्ध्या तासात वाटेला लावतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडचा किनारा स्वच्छ दिसतो. दुर्बीण असेल तर जास्तच. दुर्बीण पाणपक्षी बघायला ठेवलेली आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच गाडी. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता सरळ फोन करून "ती बाई कोण रे?" असं विचारता आलं असतं. पण विचारायचं कसं? मी हॉटडिश केला. खिमा, मशरूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे, सगळं ओव्हनमध्ये. हॉटडिश हातात असला की आमच्याकडे कुणाच्याही दारात उभं राहता येतं. मी बोट काढली आणि पलीकडे गेले.

वर्लिन शेडमध्येच होता. माझी चाहूल लागली तसा त्यानं टेबलावर भर्रकन चादर ओढली.

"कोण? आर्लिस?" तो म्हणाला. मी दहा पावलांवर होते.

"नाही, स्वीडनची राणी. हॉटडिश आणलाय."

"अगं, कशाला एवढं?"

"सहज. जास्तीचा झाला."

"नको नको, तुझ्याकडेच ठेव."

"अरे, खाऊन टाकायलाच आणलाय."

"तुला पुरणार नाही मग."

"पुरेल."

"बरं, एवढं म्हणतेस तर." तिसऱ्यांदा घेतला. रीतीप्रमाणे सगळं झालं, पण त्या सगळ्या वेळात त्यानं माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता. एकतीस वर्षं समोर उभा राहिलेला माणूस माझ्या कानाशी बोलत होता! खाई त्याला खवखवे, मी मनात म्हटलं.

"हवा बरी आहे," मी म्हटलं.

"हो. वारा पडलाय."

"काय करतोयस?"

"काही नाही. जुनं सामान लावतोय." आणि चादरीखालून नव्या कोऱ्या पिवळ्या प्लास्टिकचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

निघताना तो म्हणाला, "आर्लिस, मेळाव्यासाठी नवी जोडी करावी म्हणतो. पहिली ठिगळांची आहे, शोभत नाही. तू मला सगळे साचे देशील? खिशांचेही?"

खिशांचेही. खिसे मी एकटीनं, माझ्या ओसरीत लावले होते. खेळाचा जीव त्यात होता.

"देईन की," मी म्हटलं.

"आणि कागदाचे नको. पुठ्ठ्याचे काप, जाड. कडा अगदी स्वच्छ हव्यात."

एक जोडी करायला कुणी पुठ्ठ्याचे साचे मागतं का? कागद पुरतो. पुठ्ठा लागतो तो शंभर जोड्या कापायला. परतताना मी बोट इतकी जोरात हाणली की गॉर्डीनं त्याच्या धक्क्यावरून हात हलवला, "सावकाश!" म्हणून.

त्या आठवड्यात मी हिशोब जुळवत बसले. वर्लिन हल्ली ट्रक काढत नव्हता, म्हणायचा इंजिन बिघडलंय. पण त्याचा पुतण्या तोच ट्रक घेऊन गावात आलेला मी बघितला, इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. प्लास्टिकच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी त्यानं माझ्याकडून वाचून घेतली, म्हणे चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या खिशातच होता! माणूस एवढ्या बारीकसारीक थापा मारतो तेव्हा त्याच्यामागे एक मोठी थाप असते. फाइलवाली बाई, पुठ्ठा, नवं प्लास्टिक. तो माझा खेळ विकत होता. यापलीकडे दुसरं काही असेल असं माझ्या मनाला शिवलंही नाही.

आमच्या कारखान्याच्या मालकाची एक युक्ती होती. प्रत्येक साच्यात तो कुठेतरी एक खोटी खूण ठेवायचा. दुसऱ्या कारखान्यानं झाकण चोरून नकललं तर खोटी खूणही नकलली जायची, आणि चोर आपोआप सापडायचा. खूण खरी कुठली आणि खोटी कुठली हे फक्त कापणारीला माहीत असायचं. म्हणजे मला.

मी पुठ्ठे घेतले, सगळे साचे कापले, अगदी स्वच्छ कडांचे. फक्त पुढचे खिसे जिथे लावायचे त्या खाचा कोपऱ्यांपासून चार इंच मागे सरकवल्या, मध्याच्या बाजूला. शांत पाण्यात काही फरक पडणार नाही. पण उद्या कुठल्या दुकानात अशी फळी दिसली की मला मोजपट्टी लावून दाखवता येईल, हा माल चोरीचा आहे. मेळाव्यात तर मी माझी ठिगळांची जोडीच नेणार होते. साचे देताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

वर्लिननं साचे घेतले, कडांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "सुंदर कापलेयस." माझ्या कानाला.

जुलैच्या मेळाव्याला पट्ट्यावर चाळीसेक बोटी लागल्या होत्या. कुणी सॉसेज भाजत होतं, कुणी पाण्यात खुर्च्या टाकून बसलं होतं. मी ठिगळांची जोडी फुगवत होते तेवढ्यात पलीकडून गॉर्डीच्या बोटीतून वर्लिन आला, आणि त्याच्याबरोबर नवी जोडी. पिवळी धमक. एक सुरकुती नाही. सांधे असे की नखानं शोधावे लागतील. आणि वरच्या टोकाला, भोकाच्या वर, काळ्या प्लास्टिकची अक्षरं कापून चिकटवलेली: आर्लिस.

चोर मालावर धन्याचं नाव घालत नाही.

"अहो, किती छान!" कॅरिन म्हणाली. तिशीची मुलगी, डोक्यावर मोठी टोपी. "हीच टाका ना पाण्यात."

"जुनी जरा मुरलेली आहे," मी म्हटलं. "जुनीच बरी, मला वाटतं."

"छे, ती ठिगळांची कशाला?" गॉर्डी म्हणाला. "वर्लिननं दोन महिने घालवलेत."

"खिसे... एकदा बघून घेतले असते."

"बघितलेत मी," वर्लिन म्हणाला. "साच्याबरहुकूम आहेत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे चार इंच का सरकवले तेही सांगायचं, आणि तेही गॉर्डीसमोर, तिच्यासमोर, सॉसेज खाणाऱ्या चाळीस बोटींसमोर. पाणी शांत होतं. मी म्हटलं, निभेल.

आणि निभलंही, दहा मिनिटं. कॅरिननं पाच पिशव्यांतल्या तीन भोकात टाकल्या आणि टाळ्या पिटल्या. "ही हलत का नाही?" तिनं विचारलं, आणि मी खिशांचं सांगायला लागले, अभिमानानं. तेवढ्यात गॉर्डी पिशव्या काढायला फळीच्या वरच्या टोकावर रेलला. गॉर्डी म्हणजे अडीचशे पौंड. त्याच वेळी कुणाची तरी वेगवान बोट पट्ट्याच्या कडेनं गेली आणि तिची लाट आली. फळीचं पुढचं टोक उचललं, क्षणभर उभं राहिलं, आणि अख्खी फळी गॉर्डीच्या डोक्यावर पालथी झाली.

गॉर्डी खोकत वर आला. टोपी एकीकडे, पिशव्या दुसरीकडे. सगळा पट्टा हसला. कॅरिनही हसली, आणि मग म्हणाली, "कल्पना वेगळीच आहे." ते ऐकून माझी उमेदच गेली.

वर्लिन हसला नाही. तो चाचपडत पालथ्या फळीपाशी गेला. कोपऱ्यापासून खिशापर्यंत त्यानं वीत लावली. पुन्हा लावली. दुसऱ्या कोपऱ्याला लावली. मग पाण्यात ताठ उभा राहिला.

"चूक माझी आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "खिसे मागे लागलेत. आर्लिसच्या खेळात खोट नाही. मीच लपवायला नको होतं."

"काय लपवायला?" गॉर्डीनं विचारलं.

"डोळे गेलेत माझे. आंधळा नाही अजून. कडेकडेचं दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, तिथे नुसता धुरकट डाग. ट्रक सोडला मी एप्रिलमध्ये. सरकारी ऑफिसातून एक बाई येते, हातानं चाचपून कामं करायला शिकवते. पुठ्ठ्याची कड धरून कापलं, बोटानं सांधे लावले. सहा वेळा बिघडलं, चादरीखाली टाकलं. सातव्यांदा वाटलं, जमलं." त्यानं फळीवरचे हात काढून घेतले. "हीच परीक्षा होती. हात चालतात का बघायचं होतं. नाही चालत. आता पुरे."

कुणीतरी म्हणालं, "हवा छान आहे आज." आमच्याकडे याला सांत्वन म्हणतात.

कॅरिन माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "आर्लिस, खरं सांगू? कल्पना मला आवडलीय. कापायला-चिकटवायला आमच्याकडे माणसं आहेत. तुम्ही फक्त मूळ साचे पाठवा. तुमच्या नावानंच करू."

दोन हिवाळे मी ज्याची वाट बघितली ते हे. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसणं आम्हाला पाळण्यापासून शिकवतात. पण तो तिथे उभा होता, स्वतःचे दोन्ही हात पाण्यात सोडून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. उद्या तो इस्तरी विकून टाकणार हे मला स्पष्ट दिसलं. मला स्वतःची शिसारी आली.

"साचा चुकीचा होता," मी म्हटलं.

"काय?"

"वर्लिन, साचा मी चुकीचा दिला होता. खाचा चार इंच मागे कापल्या होत्या. तू बरोबर कापलंस. बरोबर लावलंस."

त्याची मान वळली. "सांधा जागेवर होता?"

"सुतभर हलला नाही."

"दोन्ही खिसे?"

"दोन्ही."

आणि तो हसला. कारखाना बंद झाल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. "ऐकलंस गॉर्डी? सुतभर नाही! आंधळ्यानं लावलाय!" त्यानं फळीवर थाप मारली, पाणी उडालं. गॉर्डीही उगाच हसायला लागला. मला वाटलं, एवढ्यावर संपावं. देवा, एवढ्यावर संपू दे.

मग वर्लिनचं हसू हळूहळू थांबलं.

"पण तू मापात चुकत नाहीस," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत एकदा नाही."

"चुकले नाही."

"मग?"

"मुद्दाम कापलं. ती बाई, ती फाइल, तो पुठ्ठा... मला वाटलं तू माझा खेळ विकतोयस. विकलास तर पकडता यावं म्हणून."

गॉर्डी आपली टोपी पिळत राहिला. कॅरिन म्हणाली, "मी जरा सॅलडचं बघते. साच्यांचं मी कळवते हं, आर्लिस." 'कळवते' म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

"कधीपासून?" वर्लिननं विचारलं.

"मेपासून."

"विचारायचं होतंस."

"तूही सांगायचं होतंस," मी म्हटलं. ते खरंही होतं. पण ज्या क्षणी तोंडातून गेलं त्याच क्षणी कळलं, हे बोलायची वेळ ही नव्हे.

"हो," तो म्हणाला. "सांगायचं होतं." आणि फळीची बुचं काढून हवा सोडायला लागला. मी मदतीला गेले तर म्हणाला, "नको, जमतं मला." मी पुन्हा म्हटलं, त्यानं पुन्हा नको म्हटलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही त्यानं नकोच म्हटलं.

उन्हं कलल्यावर लोक निघाले. वर्लिन गॉर्डीच्या बोटीकडे निघाला. शिडी निसरडी असते, म्हणून मी आधीच त्या बोटीवर चढून कठड्याशी थांबले होते. मी वाकले आणि हात पुढे केला, अगदी त्याच्या समोर, हातभर अंतरावर. "धर," एवढंच म्हणायचं होतं, तेही मी म्हटलं नाही. तो क्षणभर थांबला. मग बाजूला वळून त्यानं शेजारी पाण्यात उभ्या गॉर्डीचा खांदा शोधला, तो धरला आणि वर आला.

गॉर्डी म्हणतो, तुझा हात समोर होता, आणि समोरचं त्याला दिसतच नाही. तो म्हणतो, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

मला शंका आहे.